पाटी नसलेल्या दुकानातली पातेली

केकच्या दुकानाला लोक स्टार देतात, बिर्याणीला देतात, फुगे फुगवून भिंतीला चिकटवणाऱ्यालाही देतात. भाड्यानं भांडी देणाऱ्याला कुणी देत नाही. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे एकाच शनिवार-रविवारात तीन वाढदिवस झाले. पैसे घेऊन काम करणारी सहा-सात माणसं त्या दोन दिवसांत घरात येऊन गेली, आणि आमची अब्रू राखली ती भांडीवाल्यानं. म्हणून हे लिहिणं त्याच्याबद्दल. बाकीचे मधेमधे येतीलच, त्यांच्या गमती सांगितल्याशिवाय याचं मोल कळायचं नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुकानावर पाटी नाही. 2024 मध्ये कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे हा नियम आला, तेव्हा तात्यांनी जुनी पत्र्याची मराठी पाटी उतरवली आणि नवी रंगवायला दिली. ती अजून पेंटरकडंच आहे. मी विचारलं तर म्हणाले, "पाटी वाचून कोण येतंय? लग्नात आमची भांडी बघून येत्यात की." तात्या हेही काही त्यांचं नाव नव्हे. बेळगावातलं सगळं शहापूर त्यांना तात्या म्हणतं म्हणून मीही म्हणते.

आता तीन वाढदिवस कुठले ते सांगते. लेकीचा दहावा, शनिवारी संध्याकाळी. मामंजींची पंच्याहत्तरी, रविवारी दुपारी. आणि ह्यांच्या एका वर्गमित्राचा पन्नासावा, रविवारी रात्री आमच्याच गच्चीवर. हा तिसरा खरं तर आमचा नव्हे. त्याच्या घरी रंगकाम चाललेलं, आणि "तुमच्याकडं भांडी तर आलेलीच असणार, मटण तिथंच करू" असं पुरुषांनी परस्पर ठरवून टाकलं. मला सगळ्यांत शेवटी कळलं. मी सरकारी मराठी शाळेत शिकवते, चाळीस पोरांना एका खोलीत गप्प बसवायची सवय आहे, तरी तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही.

मामंजी 1950 चे. जन्मले तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. शाळेत जायला लागले तोवर म्हैसूर राज्यात गेलं. नोकरीला लागले आणि 1973 मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. माणूस अनगोळातल्या एकाच घरात पंच्याहत्तर वर्षं बसून आहे आणि पत्ता मात्र दोनदा बदलला, असं ते स्वतःच सांगतात, पाहुणा नवा असला की हमखास. अशा माणसाची पंच्याहत्तरी हॉटेलात करायची नाही, पंगत घालायची, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. जवळच्या देवळाचं समुदाय भवन दोनशे माणसांसाठी ठरवलं आणि एका केटरिंगवाल्याला दिवाळीच्या आधीच ॲडव्हान्स देऊन टाकला.

सहा दिवस आधी त्याचा फोन आला. मोठी ऑर्डर आलीय, तुमचं जमत नाही, पैसे परत घ्या. डिसेंबरात बेळगावात हे असंच असतं. सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन बसलं की लॉज भरतात, गाड्या मिळत नाहीत, स्वयंपाकी मिळत नाहीत, आणि हलग्याच्या रस्त्याला गेलात तर कुठल्या ना कुठल्या मोर्चामागं अडकता. ॲडव्हान्स परत मिळाला, त्याबद्दल त्याला दहापैकी एक गुण. बाकीचे नऊ माझ्याकडंच राहू देत.

मग माझ्या जावेच्या माहेरच्या ओळखीनं येळ्ळूरचा एक आचारी मिळाला. कमी बोलणारा माणूस. सामानाची यादी दोन पानं भरून दिली आणि खाली एक ओळ लिहिली: हात आमचे, भांडी तुमची. तेव्हा आम्हाला उमगलं की आमच्या घरातलं सर्वांत मोठं पातेलं पंधरा माणसांचं. गल्लीच्या मंडळाची भांडी असतात, पण ती त्याच रविवारी एका साखरपुड्याला आधीच गेलेली. म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावर मी आणि हे शहापुरात गेलो. नाथ पै चौकातून वडगावकडं निघालं की डाव्या हाताच्या एका बोळात, जुन्या मागवाल्या विणकरांच्या घरांमधे, एक लांबोडकी खोली. दारातच एकात एक घातलेल्या परातींचा मनोरा, आत अंधारात पातेली, आणि चिंचेचा वास. पितळ घासायला अजून चिंच वापरतात तिथं.

"काय शोधूलालाय?" आतून आवाज आला.

ह्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, अडीचशे ताटं, पाचशे वाट्या, अडीचशे पेले, आणि मोठी पातेली सहा. तात्यांनी वही उघडली, पेन्सिल कानावरून काढली आणि काहीच लिहिलं नाही.

"किती पानं?"

"दोनशे. साधारण."

पेन्सिल खाली ठेवली. "साधारण म्हणजे किती? एकशेऐंशी की दोनशेवीस?"

आम्ही तिथंच बाकावर बसून बोटं मोडत मोजलं. एकशे शहाण्णव झाले. मग पुढचा प्रश्न, पंगत की उभ्यानं? पंगत. एका वेळी किती बसतील? साठ. धुणाऱ्या बायका किती? तीन. तेव्हा कुठं पेन्सिल चालायला लागली. एकशेवीस ताटं बास, म्हणाले. साठ पंगतीत, साठ धुण्यात. अडीचशे नेऊन काय करणार, रचून फोटो काढणार? वाट्यांचंही तसंच. आम्ही स्वतःहून सांगितलेल्या सामानातलं जवळजवळ निम्मं त्या माणसानं स्वतःच कापलं आणि भाडंही निम्म्यावर आणलं. मला बाजारात असा अनुभव फार वेळा आलेला नाही. साडीच्या दुकानात एक मागितली की आठ उलगडतात.

पातेल्यांचा हिशेब त्याहून बारीक. मसालेभाताला किती तांदूळ? आचाऱ्याच्या यादीत अठरा किलो होते, वर साध्या भाताला पाच. किलोला दहा पानं असा पंगतीचा जुना अंदाज, भात दोन प्रकारचा असला की थोडा वरखाली. तात्यांनी यादी वाचली, आचारी कुठला ते विचारलं, येळ्ळूर म्हटल्यावर मान हलवली. "मग त्याला रुंद तोंडाचं लागतंय. उंच पातेल्यात भात खाली मऊ आणि वर कच्चा, मग तुम्ही आचाऱ्याला शिव्या घालणार." आमटीला मात्र उंच दिलं. साराला आणि कोशिंबिरीला स्टीलचं. पितळेचं एक मोठं आम्हाला आवडलं होतं, त्याला त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि बाजूला सारलं. कल्हई गेली होती आत एका जागी. "आंबट घातलं की कळकतंय हे. कल्हईवाला येऊन जाऊ दे, मग न्या." देऊन टाकलं असतं तर आम्हाला काय कळणार होतं? रविवारी दुपारी दोनशे माणसांना कळलं असतं.

आणि मग रात्रीच्या मटणाचं. ते सांगताना ह्यांनी आवाज उगाच खाली घेतला. तात्यांनी कोपऱ्यातली वेगळी पातेली दाखवली, कानाला लाल रंगाचा पट्टा मारलेली. पंगतीची पातेली मटणाला देत नाहीत आणि लाल पट्ट्याची पंगतीला देत नाहीत, कुणी किती पैसे दिले तरी. दोन्हींचे झारे, डावही वेगळे. "तुम्हाला चालतंय हो, पण पुढल्या आठवड्यात हेच पातेलं कुणाच्या सत्यनारायणाला जाणार हाय." जो गिऱ्हाईक समोर उभाच नाही त्याची काळजी करणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला.

अनामत तीन हजार, भाडं सगळं धरून चार हजार तीनशे पन्नास, त्यात आणून देणं आणि घेऊन जाणं आलं. शनिवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत. पावती म्हणजे वहीतलं फाडलेलं पान, आणि अक्षर असं की ताटं एकशेवीस आहेत की एकशेसत्तर ते शेवटपर्यंत कळत नाही. शिक्षिका म्हणून हा मुद्दा मी सोडणार नाही. पैसे रोख द्यावे लागतात. भिंतीवर क्यूआरचा कागद आहे, पण तो पुतण्याच्या खात्याचा, आणि पुतण्याशी सध्या बोलणं नाही.

शनिवार. भांडी दहाला येणार होती, दहाला वीस कमी असताना आली. हे का सांगते, तर त्याच सकाळी मंडपवाला दीड तास, फुगेवाला दोन तास आणि गूळ घेऊन येणारा टेम्पो तीन तास उशिरा आला. प्रत्येकाचं कारण एकच, ऊस. हंगाम चालू, दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर, कुठंतरी एक कलंडलेला. कारण खोटं नव्हतं. पण तात्यांचा रिक्षावालाही त्याच रस्त्यानं आला, फक्त साडेआठला निघाला.

लेकीच्या वाढदिवसाबद्दल फार लिहीत नाही. तीस पोरं, गच्ची, आवाज. फुग्यांची कमान अर्ध्या तासात फुटली, आणि तोच पोरांचा सर्वांत आवडता कार्यक्रम ठरला. खायला तिला गोबी मंच्युरीच पाहिजे होती, म्हणून गाडीवाल्याला घरी बोलावलं. कढई तात्यांचीच. आता ती लालभडक गोबी मिळत नाही, 2024 मध्ये कर्नाटकात त्यातल्या कृत्रिम रंगावर बंदी आली. त्या माणसानं बंदी पाळली, त्यामुळं गोबी तपकिरी झाली. आमच्या पोरांनी ती भज्यासारखी दिसते म्हणून तक्रार केली आणि तीन तीन वेळा घेतली. चव उत्तम. आलं-लसूण ताजं, कांद्याची पात भरपूर. ह्या माणसाला आठ गुण, आणि एक ज्यादा, जाताना कढई स्वतः घासून ठेवली म्हणून.

संध्याकाळी पाहुणे यायला लागले. खानापूरच्या दोन्ही मावशी आधार कार्ड दाखवून बसमधून फुकट आल्या. चंदगडात दिलेली नणंद आली ती कुरकुरत. तिला महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट, तेही हद्दीपर्यंतच, आणि कर्नाटकातल्या बायकांच्या फुकट बस योजनेत ती बसत नाही. "माझं माहेर इथलं, जन्म इथला, आणि तिकीट मात्र मलाच," असं दर सणाला म्हणते. सोबत चंदगडी काजूंची एक जाड कापडी पिशवी घेऊन आली. ही पिशवी लक्षात ठेवा.

रात्री आठच्या सुमाराला मांडे आले. मांड्यांबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहायचं आहे. बेळगावाबाहेरच्या लोकांना कुंदा माहीत असतो, मांडे फक्त मनात खाण्याचे माहीत असतात. आमच्याकडं लग्नात, मुंजीत, अशा पंच्याहत्तरीत खरेखुरे मांडे लागतात. वडगावातल्या एका घरी दोघी बहिणी करतात, शुक्रवारी मी ऑर्डर पक्की करायला गेले तेव्हा बघत उभी राहिले. मैद्याचं कणीक मऊ तिंबलेलं, आत खवा आणि पिठीसाखर. उंडा भरून जरा लाटतात, मग तो लाटण्यानं नाही तर हातांवर मोठा होतो. एका हातावरून दुसऱ्या हातावर, कोपरापर्यंत झोके घेत घेत रुमालाएवढा होतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि त्याच झोक्यात पालथ्या घातलेल्या तापल्या कढईवर जाऊन पडतो. खाली चुलीत लाकूड. क्षणभरात फोड येतात, की चौकोनी घडी घालून बाजूला. घडी गरम असतानाच घालावी लागते, निवला की मोडतो. धाकटी बहीण म्हणाली, दिवसाला अमुक इतके करतो असं कधी मोजत नाही, खांदे सांगतात तेव्हा थांबतो. दोनशेवीस सांगितले होते, दोनशेवीसच आले, चार बुट्ट्यांत कागद अंथरून. तीन मोडले होते, ते तिनं वरचे दिले होते, म्हणजे एकूण दोनशे तेवीस. ह्या बहिणींना पूर्ण गुण द्यायचे होते, पण एक कापला. फोन उचलत नाहीत. अर्थात दोन्ही हातांवर मांडा असताना उचलणार कसा.

रविवारी आचारी पहाटे चारला आला. थंडी अशी की गॅसच्या भट्टीजवळ जो तो हात शेकायला. साडेसहाला तीनपैकी एक भट्टी पेटेना. पेटली तरी ज्योत पिवळी, पातेल्याच्या बुडाला काजळी. ही चूक तात्यांची, आणि ती मी लिहिणार. भट्टी देताना पेटवून दाखवायला हवी होती. फोन केला. पलीकडं रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलला. पंचवीस मिनिटांत स्वेटर, मफलर, कानटोपी अशा अवतारात तात्या स्कूटरवर, पायांत दुसरी भट्टी धरून. बिघडलेली तिथंच उघडली, भोकात कोळ्याचं जाळं निघालं. आचाऱ्याला चार शब्द बोलू दिले, उलट काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले. दोनशे पन्नास रुपये भाड्यातून कमी करतो म्हणाले आणि सोमवारी खरंच केले.

जेवण बारा चाळीसला पहिल्या पंगतीला वाढलं. मसालेभात, भरल्या वांग्याची भाजी, मटारची उसळ, कांदाभजी, कोशिंबीर, टोमॅटोचं सार, आमटी, आणि अनगोळ-येळ्ळूरच्या शिवारातला बासमती साध्या भाताला. हा बासमती म्हणजे दुकानात मिळतो तो लांबलचक नव्हे. दाणा बारीक, पण पातेल्याचं झाकण उघडलं की दारात चपला काढणाऱ्याला कळतं. त्यावर तूप आणि आमटी, बास. ह्यात माझं मत एकच, भरलं वांगं तिखट कमी झालं, संकेश्वरी मिरची घालायची सोडून पाहुणे पुण्याचे म्हणून हात आखडला. पुण्याचा भाचा मांडा चपातीसारखा मोडून वांग्याबरोबर खायला लागला, तेव्हा खानापूरच्या मावशीनं त्याच्या ताटातून तो उचलून वाटीत घातला, वर गरम दूध ओतलं आणि म्हणाली, "बाळा, आता खा. आणि कुणाला सांगू नकोस."

त्याआधी केक. मामंजींना केक नकोच होता, पण नातवंडांची हौस. एका बेकरीला फोनवर सांगितलं, वर लिहा, आजोबा 75. डबा उघडला तर इंग्रजी अक्षरांत 'हॅपी बर्थडे अजुबा'. मी बेकरीला फोन लावायला निघाले, मामंजींनी हात धरला. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "राहू दे गं," म्हणाले, "पंच्याहत्तर वर्षं एका घरात राहिलो आणि तीन राज्यं बघितली. अजुबाच हाय मी." त्या दिवसापासून नातवंडं त्यांना अजुबा म्हणतात. केक गोड जास्त, क्रीम डालड्यासारखं, चार गुण. नावाचे गुण वेगळे द्यावे लागतील.

मामंजींच्या गूळतुलेचा तराजूही तात्यांचाच. हे मला सोमवारच्या आधी माहीतही नव्हतं की तराजू भाड्यानं मिळतो. लाकडी तिकाटण्याला टांगलेला दांडा, दोन मोठी पारडी, साखळ्या. मामंजींना एका पारड्यात बसवलं, पाट घालून. दुसऱ्यात गुळाचे दहा दहा किलोचे रवे. सहा ठेवले तरी काटा मामंजींकडंच. पोरं ओरडायला लागली. नारळ ठेवले, पाच. तरी थोडं कमी. नणंदेनं काजूंची पिशवी ठेवली. आता केसाएवढा फरक. सगळे श्वास रोखून उभे, आणि मागून आचारी आला, हातातलं ओगराळं त्या पिशवीत अलगद टाकलं. काटा सरळ. टाळ्या. सबंध दोन दिवसांत तो माणूस हसला तो तेवढाच. गूळ संध्याकाळी माझ्या शाळेच्या आणि शेजारच्या कन्नड शाळेच्या पोरांसाठी बांधून ठेवला.

रात्रीच्या पन्नासाव्याचं मी बघितलं ते पायऱ्यांवरूनच. आचारी गेलेला, आठ मित्र आणि प्रत्येकाचं मटणाबद्दल वेगळं मत. रस्सा चांगला झाला असं तेच सांगत होते. लाल पट्ट्याच्या एका पातेल्याचं बूड करपवून ठेवलं आणि अंधारात तसंच पालथं घातलं, जणू सकाळी कुणाला दिसणारच नाही.

सोमवारी सकाळी आठला तात्या स्वतः आले. मोजणी बघण्यासारखी असते. ताटं दहा दहाच्या चळतीत, अंगठा वरून खाली फिरवतात, आवाजावरून कळतं म्हणतात एखादं कमी असलं तर. करपलेलं पातेलं उलटं केलं, वास घेतला. "पन्नासावा होता नव्हं?" एवढंच. सोडा घालून उकळलं की निघतंय, म्हणून त्याचे पैसे लावले नाहीत. एक लहान पातेलं मात्र बाजूला काढलं, हे माझं नव्हे. आम्ही म्हटलं, असणारच. तर बुडाशी कोरलेलं नाव दाखवलं. शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचं नाव, मराठीत, दाभणानं ठोकून ठिपक्याठिपक्यांत. तात्यांच्या भांड्यांवर काहींवर मराठी नावं, काहींवर कन्नड, लोकांनी मोडीत काढलेली त्यांनी घेतलेली. प्रत्येक नाव त्यांना पाठ. वहीपेक्षा त्यांचा ह्या बुडांवर जास्त भरवसा.

कमी निघालं ते, दोन वाट्या आणि एक ओगराळं. वाट्यांचे साठ, ओगराळ्याचे एकशेवीस. ओगराळं जुनं, पितळी, लांब दांड्याचं, तसं आता मिळत नाही, म्हणाले. पैसे घेताना त्यांचाच चेहरा उतरला. आम्ही घर, गच्ची, समुदाय भवन, नारळाची पोती सगळं शोधलं. आचाऱ्याला फोन केला, तो दुखावला, बरोबरच होतं त्याचं.

बुधवारी रात्री नणंदेचा फोन. रिकामी पिशवी परत पाठवायची नाही म्हणून सासूबाईंनी काजू काढून घेतले तेव्हा आत न बघताच त्याच पिशवीत गूळ आणि कुंद्याचा डबा भरून दिला होता. गूळ बाहेर काढला, तर तळाशी पितळेचा दांडा. ती म्हणाली, "वहिनी, माहेरहून ह्यावेळी ओगराळं दिलंत होय?" शुक्रवारी त्यांच्या गावचा एक मुलगा कॉलेजला बेळगावला येतो, त्याच्याबरोबर ते वर्तमानपत्रात गुंडाळून आलं. त्याचं तिकीट कुणी काढलं नाही, हे नणंदेनं मुद्दाम सांगितलं.

मी शाळेतून परस्पर शहापुरात गेले. तात्यांनी ओगराळं हातात घेऊन फिरवून बघितलं, खिळ्याला अडकवलं, वही काढली, आमच्या नावापुढचं 'ओ. 1 कमी' पेन्सिलीनं खोडलं आणि एकशेवीस रुपये मोजून दिले. वाट्यांचे साठ नाही दिले. वाट्या अजून सापडलेल्या नाहीत.

भाड्याची भांडी आणि येळ्ळूरचा आचारी मिळून आमचं पान केटरिंगवाल्याच्या दराच्या बरंच खाली पडलं, मांडे आणि गूळ सोडून. धावपळ मात्र दसपट, घरात माणसं नसतील तर ह्या वाटेला जाऊ नका. धुणाऱ्या बायका आपल्या आपण बघाव्या लागतात. भट्ट्या घेताना तिथंच पेटवून बघा, तात्या नको म्हणाले तरी. दुकान दुपारी एक ते चार बंद, मंगळवारी पूर्ण बंद. मार्चनंतर लग्नं सुरू झाली की महिनाभर आधी सांगून ठेवावं लागतं, लाल पट्ट्याची पातेली त्याहून आधी. आणि पानांचा आकडा घरूनच नक्की करून जा. साधारण म्हणालात की ते पेन्सिल खाली ठेवतात.